१२ दिवस झाले, बिअर ७.५ ब्रिक्सवर अडकलीय, अजून यीस्ट टाकू का?

आज तरी नको. पाकीट फ्रीजमध्ये ठेवा, पुढे लागलं तर लागेल.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते. तुम्ही न्यू जर्सीत आहात, मिस्टरांना सिलिॲक (बार्ली-गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) निघालाय म्हणून घरात बार्ली-गहू पूर्ण बंद, आणि त्यांच्यासाठी ५ गॅलन पेल एल लावलीय. ४ पौंड पेल मिलेट माल्ट (मोड आणून वाळवलेलं भरड धान्य) १५० फॅरनहाइटला तासभर मॅश केलं (गरम पाण्यात ठेवून त्यातल्या स्टार्चची साखर केली), त्यात ४ पौंड व्हाइट सॉर्घम सिरप आणि १ पौंड राइस सिरप सॉलिड्स, यूएस-०५ या ड्राय यीस्टचं एक पाकीट, बकेट बेसमेंटमध्ये आणि बेसमेंट ६२ फॅरनहाइट. रिफ्रॅक्टोमीटरवर (साखरेचा अंदाज देणारं यंत्र) सुरुवातीला १२.४ ब्रिक्स (साखरेचं माप) होतं, आता चार दिवस ७.५ वरून हलत नाहीये, चार्टमध्ये ते १.०३० ग्रॅव्हिटी येतंय (पाणी १.००० धरलं तर द्रव किती जड ते). एअरलॉकमधून (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) मिनिटाला एखादा बुडबुडा. दुकानदार म्हणतोय अजून एक पाकीट टाका.

तुम्ही याला "स्लो फर्मेंटेशन" म्हणताय, पण या नावाखाली तीन वेगवेगळे प्रॉब्लेम येतात. एक, बिअर खरंच हळू चाललीय पण चाललीय. दोन, यीस्ट थकलंय किंवा झोपलंय आणि खाण्यासारखी साखर अजून शिल्लक आहे. तीन, यीस्टने आपलं काम केव्हाच संपवलंय आणि जे उरलंय ते त्याला खाताच येत नाही. बार्लीच्या बिअरमध्ये हा तिसरा प्रकार क्वचित होतो, ग्लुटेन-फ्रीमध्ये वारंवार होतो, आणि त्यात तुम्ही यीस्टची दहा पाकिटं ओतली तरी आकडा एक पॉइंटही (म्हणजे ०.००१) खाली येणार नाही. म्हणून आधी आपण कुठल्या प्रकारात आहोत ते शोधायचं, मग हात लावायचा. दुकानदाराचा सल्ला बार्लीवाल्यांसाठी ठीक आहे, त्याच्याकडे रोज तेच गिऱ्हाईक येतं.

पण त्याच्याही आधी तुमच्या १.०३० बद्दल, कारण मला तो आकडाच खरा वाटत नाहीये.

रिफ्रॅक्टोमीटर साखर थेट मोजत नाही, थेंबातून प्रकाश किती वाकतो ते बघतो आणि त्यावरून साखरेचा अंदाज देतो. नुसतं साखरपाणी असेल तर अंदाज बरोबर. पण एकदा फर्मेंटेशन सुरू झालं की त्यात अल्कोहोल आलं, आणि अल्कोहोलही पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं, म्हणून रीडिंग खऱ्यापेक्षा बरंच वर दिसतं. चार्टमधलं ७.५ ब्रिक्स म्हणजे १.०३० हे फक्त न आंबलेल्या वर्टसाठी (यीस्ट टाकण्याआधीचं गोड पाणी) आहे. सुरुवातीचं १२.४ आणि आताचं ७.५ हे दोन्ही आकडे करेक्शनच्या फॉर्म्युल्यात टाकले तर उत्तर १.०१६ च्या आसपास येतं. म्हणजे तुमचे ५० पैकी साधारण ३४ पॉइंट गेलेले आहेत, निम्मी बिअर अडकलीय असं जे तुम्हाला वाटतंय तसं काही नाही. मात्र हा फॉर्म्युला बार्लीच्या वर्टवरून बसवलेला आहे, सॉर्घम सिरपला तो दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे जाऊ शकतो, म्हणून यावर विसंबून राहू नका. एक साधा काचेचा हायड्रोमीटर (बिअरमध्ये तरंगून थेट ग्रॅव्हिटी दाखवणारी नळी) आणा, त्यावर तो ६० फॅरनहाइटला कॅलिब्रेट केलाय की ६८ ला ते लिहिलेलं असतं, सॅम्पल त्या तापमानाला आणा, दोन भांड्यांमध्ये चार-पाच वेळा वरखाली ओतून त्यातला गॅस काढा आणि हायड्रोमीटर सोडताना गोल फिरवून सोडा, नाहीतर बुडबुडे त्याला चिकटून तो वर उचलला जातो आणि परत खोटं रीडिंग. फर्मेंटेशन सुरू झाल्यावर मी रिफ्रॅक्टोमीटर फक्त "कालच्यापेक्षा आज हललं का" एवढं बघायलाच वापरते, आकड्यासाठी नाही.

एअरलॉकचं तर बोलायलाच नको. बकेटचं झाकण कधीच शंभर टक्के बंद नसतं, गॅस कडेने निघून जातो. उलट बेसमेंट थोडं गरम झालं किंवा हवेचा दाब बदलला की संपलेल्या बिअरमधूनही बुडबुडे येतात. ते मोजत बसू नका.

आता समजा हायड्रोमीटरवर खरंच १.०१६ च्या जवळपास आलं. मग बारा दिवस हा काळ जास्त आहे का? हो, आहे. यूएस-०५ ला १.०५० ची बिअर बरं तापमान आणि बरं खाणं मिळालं तर आठवड्याच्या आत संपवता येते. आणि अशा सिरपच्या रेसिपीत मी शेवट १.०१० ते १.०१४ च्या मध्ये धरते. म्हणजे तुमची बिअर संपलेली तरी आहे नाहीतर दोन-पाच पॉइंट राहिलेत, आणि खरं सांगायचं तर हीच जागा सगळ्यात वाईट, कारण इथे माणूस "झालं असेल" म्हणून बाटल्या भरून मोकळा होतो. त्याचं शेवटी लिहिते.

कुठल्या प्रकारात आहोत ते कसं ओळखायचं, तर मी तीन बरण्या लावते. यात बिअर जाते पाऊण लिटर, पण अंदाजपंचे उपाय करण्यापेक्षा स्वस्त पडतं. बकेटमधून स्वच्छ करून घेतलेल्या थीफने (सॅम्पल काढायची नळी) ७५० मिली काढा, तीन मेसन जारमध्ये २५०-२५० वाटा. तिन्हीत ताज्या ड्राय यीस्टचा पाव चमचा टाका. पहिलीत बाकी काही नाही. दुसरीत चिमूटभर यीस्ट न्यूट्रिएंट. तिसरीत ग्लुकोअमायलेज एन्झाइमचे दोन थेंब, हे अमायलोग्लुकोसिडेज नावानेही मिळतं. झाकणं सैल ठेवा, एकदम घट्ट लावू नका, आणि तिन्ही बरण्या ७५-७८ फॅरनहाइटला ठेवा, फ्रीजच्या वर किंवा वॉटर हीटरच्या खोलीत बहुतेक घरांत तेवढं मिळतं. येता-जाता हलवत राहा. तीन दिवसांनी तिन्हीचं हायड्रोमीटर रीडिंग घ्या.

पहिली बरणी खाली आली, समजा १.०१६ ची १.०११ झाली, तर साखर आहे, यीस्टला फक्त ऊब आणि ताजी कुमक हवी होती. पहिली जागच्या जागी आणि दुसरी उतरली, तर उपासमार, यीस्टकडे साखर आहे पण नायट्रोजन नाही. पहिल्या दोन्ही ढिम्म आणि फक्त तिसरी खाली गेली, तर उरलंय ते सगळं डेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या ज्या साधं यीस्ट तोडू शकत नाही, आणि तुमची बिअर संपलेली आहे. इथे एक लक्षात ठेवा, तिसरी बरणी नेहमीच उतरते, एकदम छान जमलेल्या बिअरमध्येही, कारण ते एन्झाइम सगळ्याच साखळ्या तोडतं आणि आकडा १.००० च्या जवळ नेऊन ठेवतं. म्हणून तिसरीचा निकाल एकटा वाचायचा नाही, पहिल्या दोघींच्या शेजारी ठेवून वाचायचा. आणि या बरण्यांमधलं परत बकेटमध्ये ओतायचं नाही, तिसरीतलं तर थेंबभरही नाही.

आता तुमच्या रेसिपीवरून माझा अंदाज. बरण्यांचा निकाल वेगळा आला तर तो खरा, माझा नाही.

पहिला संशय खाण्यावर. बार्लीचं माल्ट वापरणाऱ्यांना न्यूट्रिएंटचा विचार करायची वेळच येत नाही कारण माल्टमधून यीस्टला पुरेसे अमिनो ॲसिड मिळतात. साधारण १५० मिलिग्रॅम प्रति लिटर फ्री अमिनो नायट्रोजन असलं की यीस्ट खूश असतं आणि ऑल-माल्ट बार्लीच्या वर्टमध्ये ते बहुतेक वेळा त्याच्या वरच असतं. आपल्याकडे काय होतं, तर सॉर्घम सिरपमध्ये थोडंफार असतं, कंपनीप्रमाणे कमीजास्त, पण बार्लीच्या एक्स्ट्रॅक्टइतकं धरू नका. राइस सिरप सॉलिड्समध्ये जवळपास नाहीच, ती नुसती साखर. मिलेट माल्टमध्ये बऱ्यापैकी असतं पण तुमच्या बॅचमध्ये मिलेटचा वाटा फार कमी उतरलाय (तो हिशोब खाली देते). तेव्हा तुमचं वर्ट बऱ्यापैकी गोड आणि बऱ्यापैकी उपाशी होतं. उपाशी यीस्ट पहिल्या दोन दिवसांत पुरेसं वाढत नाही, मग कमी पेशींना सगळं काम ओढावं लागतं, आणि शेवटच्या टप्प्यात ते रेंगाळतं. वासही बघा, उकडलेल्या अंड्यासारखा सल्फरचा वास येत असेल तर तोही बऱ्याचदा उपासमारीमुळेच येतो.

पुढच्या वेळी सिरपवाल्या बॅचमध्ये न्यूट्रिएंट हा रेसिपीचाच भाग धरा, प्रॉब्लेम आल्यावरचं औषध नाही. मी फर्मेड-के हे मिश्र न्यूट्रिएंट वापरते, त्याचं माप १०० लिटरला २५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या ५ गॅलनला साधारण ५ ग्रॅम. अर्धं यीस्ट टाकताना आणि अर्धं दुसऱ्या दिवशी, जेव्हा फेस नुकता धरायला लागलेला असतो. चालू फर्मेंटरमध्ये पावडर कधीही तशीच भुरभुरवू नका, त्या कणांवर गॅस एकदम सुटतो आणि बकेट उतू जाऊन बेसमेंटभर चिकट होतं, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून हळूहळू ओता. नुसतं डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) स्वस्त मिळतं पण ते फक्त नायट्रोजन आणि फॉस्फेट देतं, झिंक आणि व्हिटॅमिन देत नाही, म्हणून मिश्र न्यूट्रिएंट बरं. आणि आता, बाराव्या दिवशी? दुसरी बरणी उतरली तर अर्धा डोस द्या, पण फार अपेक्षा ठेवू नका. न्यूट्रिएंटची खरी वेळ पहिल्या दोन दिवसांची, नंतर यीस्टची वाढ थांबलेली असते आणि टाकलेलं बरंचसं तसंच पडून राहतं.

दुसरा संशय मॅशवर, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण ग्लुटेन-फ्री बिअरमधल्या निम्म्या तक्रारी फर्मेंटरमध्ये दिसतात पण जन्मतात मॅशमध्ये.

आधी हिशोब. ४ पौंड सॉर्घम सिरपचे पौंडाला ३७ पॉइंट धरून १४८, राइस सॉलिड्सचे ४२, एकूण १९०, भागिले ५ गॅलन म्हणजे ३८. तुमचं सुरुवातीचं रीडिंग १.०५०. म्हणजे ४ पौंड मिलेटने तुम्हाला जेमतेम १२ पॉइंट दिले. नीट मॅश झालेलं ४ पौंड मिलेट २० च्या आसपास देतं. बाकीचा स्टार्च दाण्यातच राहिला, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे पीठ होऊन वर्टमध्ये गेला.

का, तर १५० फॅरनहाइट म्हणजे ६५-६६ सेल्सिअस हे बार्लीचं तापमान आहे. बार्लीचा स्टार्च ६०-६५ ला फुगून शिजतो आणि त्याच तापमानाला तिचे स्वतःचे एन्झाइम जिवंत असतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात एकाच वेळी जमून येतात. मिलेट, ज्वारी, तांदूळ यांचा स्टार्च शिजायला ७० च्या वर जावं लागतं, काही वाणांना ८० पर्यंत. आणि तेवढ्या उष्णतेत माल्टमधलं बीटा-अमायलेज, जे यीस्टला आवडणारी माल्टोज साखर बनवतं, ते काही मिनिटांत मरतं. म्हणजे एन्झाइमसाठी तापमान बरोबर ठेवलं तर स्टार्च कच्चा आणि स्टार्चसाठी बरोबर ठेवलं तर एन्झाइम मेलेले. ज्यांनी ज्वारीच्या भाकरीचं पीठ मळलंय त्यांना हे हाताला माहितीय, गार पाण्यात ते धरत नाही, चांगलं कढत पाणी घालून उकड काढली की मगच चिकटपणा येतो, तेच इथे चाललंय.

तुमच्या मॅशमध्ये बहुधा असं झालं असेल की थोडा स्टार्च शिजला, त्यातला काही नीट साखर झाला, काही डेक्स्ट्रिनवरच थांबला, आणि बॅगमधून जे बारीक पीठ निसटलं ते पुढे बॉइलमध्ये शिजलं, पण तोपर्यंत त्याला तोडायला एकही एन्झाइम जिवंत नव्हतं. असा स्टार्च बिअरमध्ये गढूळपणा देतो आणि आकडा वर धरून ठेवतो. तपासायचं असेल तर पांढऱ्या बशीत चमचाभर बिअर आणि आयोडीनचा एक थेंब, पिवळट-तपकिरी राहिलं तर ठीक, निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. ते चमचाभर फेकून द्या, पिऊ नका. हीच टेस्ट पुढच्या वेळी मॅश संपवण्याआधी करायची, टरफल न घेता फक्त पाणी घेऊन, कारण टरफल नेहमीच काळं पडतं.

उपाय दोन आहेत. सोपा म्हणजे बाहेरून एन्झाइम आणणं. आधी मॅश ७५-८० सेल्सिअसला उष्णता सहन करणाऱ्या अल्फा-अमायलेजबरोबर तासभर (टर्मामिल किंवा सेबामिल बॅल १०० हे त्यातले), स्टार्च शिजतो आणि पातळ होतो, मग ५५-६० पर्यंत उतरवून फंगल अमायलेज (सेबामिल एल) टाकून अजून तासभर, तिथे खाण्याजोगी साखर तयार होते. बार्लीवाले मॅश खालून वर नेतात, आपण वरून खाली आणतो. डोस पाकिटावर असतो तोच घ्या, जास्त म्हणजे चांगलं असं नाही.

दुसरा उपाय बाहेरचं एन्झाइम न वापरता. दळलेलं माल्ट कोमट पाण्यात, ४५-५० ला, अर्धा-पाऊण तास ठेवायचं, माल्टमधले एन्झाइम त्या पाण्यात उतरतात. वरचं निवळ पाणी अलगद काढून बाजूला ठेवायचं. खाली राहिलेला दाणा पाणी घालून चांगला शिजवायचा, उकळला तरी चालेल. मग तो ६५ च्या खाली आला की बाजूला ठेवलेलं एन्झाइमचं पाणी परत घालून दीड-दोन तास सोडून द्यायचं. वेळ जातो, भांडी जास्त लागतात, पण हाताशी एन्झाइम नसतील तर चालतं. मी रविवारी दुसरं काही काम नसेल तरच याच्या वाटेला जाते.

हे काही घरगुती हौशी लोकांचं वेड नाही बरं का. नायजेरियाने १९८८ पासून बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअरींना रातोरात ज्वारी आणि मक्यावर यावं लागलं आणि त्यांनी ते अशाच बाहेरच्या एन्झाइमच्या जोरावर जमवलं. आज आपण जे छोट्या बाटल्यांतून विकत घेतो तो त्याच इंडस्ट्रीचा माल.

दळण हाही मुद्दा आहे. मिलेटचा दाणा बारीक, दुकानातल्या गिरणीची बार्लीची सेटिंग ठेवली तर निम्मे दाणे अख्खे निसटतात. घासून बारीक दळा, वाटल्यास दोनदा. मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सजवळ राहते, इथून जवळच वेलिंग्टनला ग्राउस माल्ट हाउस आहे, ते फक्त ग्लुटेन-फ्री धान्याचंच माल्ट करतात, त्यामुळे माझं काम सोपं. तुम्ही ऑनलाइन मागवत असाल तर दळून मागवू शकता, पण मग ते महिनोन्महिने ठेवू नका. आणि तुमच्या दुकानातल्या गिरणीवर दळून घेऊ नका, तिच्या रोलरमध्ये बार्लीचं पीठ कायम बसलेलं असतं.

तिसरी गोष्ट तापमान, ही पटकन सांगते कारण हिचा उपाय आज रात्रीच करता येतो. यूएस-०५ ला कंपनी १८ ते २६ सेल्सिअस सांगते. तुमचं बेसमेंट ६२ फॅरनहाइट म्हणजे १७ च्या आत, आणि बकेट काँक्रीटवर असेल तर तळाला त्याहून थंड. पहिल्या तीन-चार दिवसांत हे जाणवत नाही कारण जोरात चाललेलं फर्मेंटेशन स्वतःच उष्णता तयार करतं, बिअर खोलीपेक्षा तीन-चार डिग्री गरम असते. नंतर जोर ओसरला की ती ऊब जाते, बिअर खोलीच्या तापमानाला येते, आणि नेमकं जेव्हा यीस्टला शेवटचे अवघड पॉइंट संपवायचे असतात तेव्हाच त्याला थंडी वाजते, ते तळाशी जाऊन बसतं. तुमचा आकडा आठव्या दिवसापासून थांबलाय, ते याच्याशी जुळतं. बकेट वरच्या मजल्यावर न्या, ६८-७० फॅरनहाइट मिळेल अशा ठिकाणी, खाली लाकडी फळी किंवा जुनी योगा मॅट घाला. नेता-आणता थोडी हिंदकळली तर बिघडत नाही, तळाचं यीस्ट जरा वर येतं ते फायद्याचंच. मात्र झाकण उघडून ढवळू नका आणि आता हवा-ऑक्सिजन अजिबात नको, तो फक्त सुरुवातीला हवा असतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, यीस्ट. पहिली बरणी उतरली आणि बकेट चार-पाच दिवस उबेत ठेवूनही हलली नाही, तरच टाका. पण पाकीट फोडून वर भुरभुरवून नाही. आत ४-५ टक्के अल्कोहोल आहे, ऑक्सिजन नाही, खाणं संपत आलंय, अशा ठिकाणी कोरडं यीस्ट पडलं तर त्यातलं बरंचसं काही न करता तळाला जातं. त्याला आधी जागं करून, कामाला लागलेलं असताना आत सोडायचं. अर्धा लिटर पाण्यात साधारण ६० ग्रॅम सॉर्घम सिरप आणि चिमूटभर न्यूट्रिएंट, दहा मिनिटं उकळा, झाकून गार करा, पाकीट टाका, मधूनमधून हलवा. काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी वर चांगला फेस धरला की तो पूर्ण फेसाळ अवस्थेत बकेटमध्ये ओता. फेस बसून निवळ होईपर्यंत थांबू नका.

यीस्ट ड्रायच घ्या. फर्मेंटिस आणि लालमंडची ड्राय यीस्ट मळीवर वाढवलेली असतात. लिक्विड यीस्ट बहुतेक बार्लीच्या वर्टवर वाढवतात, त्या पिशवीत थोडं का होईना बार्लीचं द्रव येतं. नुसतं ग्लुटेन कमी करायचं असणाऱ्यांना ते चालेल, सिलिॲकच्या माणसाला नाही.

आणि हे शेवटचं वाक्य अजून दोन ठिकाणी लागू होतं, कारण बिअर अडकली की लोक काहीही टाकायला तयार होतात. होमब्रूच्या दुकानात "डायस्टॅटिक माल्ट पावडर" मिळते, अडकलेल्या बिअरवर रामबाण म्हणून देतात, ती सरळ बार्ली आहे. साध्या अमायलेज पावडरचं लेबलही वाचा, कधी कधी भर म्हणून गव्हाचं काहीतरी असतं. दुसरं, क्लॅरिटी फर्म नावाचं एन्झाइम, ते बार्लीच्या बिअरमधलं ग्लुटेन तोडतं आणि त्यावर लोक "ग्लुटेन-फ्री झाली" म्हणून मोकळे होतात. अमेरिकेत ग्लुटेन-फ्री लेबलची मर्यादा २० पीपीएम, म्हणजे दहा लाखात २० भाग, आहे (एफडीए या अन्न-औषध खात्याचा २०१३ चा नियम), पण आंबवलेल्या पदार्थात तुकडे झालेलं ग्लुटेन टेस्टमध्ये नीट पकडताच येत नाही, म्हणूनच २०२० च्या नियमात एफडीएने आंबवण्याआधीचे सगळे घटक ग्लुटेन-फ्री असले पाहिजेत असं ठेवलं. तुम्ही धान्यापासूनच वेगळं करताय ते बरोबर आहे, त्यात मागे येऊ नका. जुनी सेकंडहँड प्लास्टिक बकेट, लाकडी डाव, बार्ली गाळलेली जाळी, हे कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

तिसरी बरणीच फक्त उतरली तर काय, असं विचाराल. तर काही नाही, ती बिअर थोडी गोडसर आणि अंगाने जड अशीच प्यायची, छान गार करून. मोह होईल की बकेटमध्येच ग्लुकोअमायलेज टाकावं. टाकता येतं, आकडा उतरेल, पण ते कुठे थांबायचं हे तुमच्या हातात राहत नाही, बिअर पाण्यासारखी कोरडी होते. शिवाय ते एन्झाइम बाटलीतही काम करत राहतं. टाकलंच तर पूर्ण खाली जाईपर्यंत, आठवड्याभरात एकही पॉइंट हलला नाही इथपर्यंत थांबावं लागतं.

बाटल्यांचं म्हणाले होते ते हेच. बिअरमध्ये न संपलेला एक पॉइंट म्हणजे बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). तुम्ही प्रायमिंग शुगर (बाटलीत गॅस धरायला घालतात ती साखर) घालणार ती २.३-२.५ व्हॉल्यूमच्या हिशोबाने. त्यात १.०१६ ची बिअर नंतर उबदार कपाटात गुपचूप १.०१२ ला गेली तर अजून २ व्हॉल्यूम, म्हणजे साडेचारपर्यंत, आणि साध्या तपकिरी बाटल्या तीन-साडेतीनच्या वर धोक्याच्या. फुटली तर काच भिंतीत घुसते, हे वाढवून सांगत नाहीये. म्हणून क्रम असा ठेवा: आज बकेट वर आणा आणि बरण्या लावा, तीन दिवसांनी बरण्या वाचा, बकेटला एकूण आठवडाभर उबेत राहू द्या, मग हायड्रोमीटरचं एक रीडिंग, तीन दिवसांनी दुसरं, दोन्ही सारखी आणि पहिल्या बरणीच्या आकड्याशी जुळणारी असतील तरच बाटल्या. पहिली बरणी १.०११ ला थांबलीय आणि बकेट १.०१५ ला "स्थिर" आहे, तर ती स्थिर नाहीये, स्टार्टर (वर सांगितलेलं जागं करून टाकायचं यीस्ट) लावा. पहिल्या एक-दोन बाटल्या प्लास्टिकच्या सोडा बाटलीत भरा, दाबून कळतं किती गॅस धरलाय. ती दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये.

हायड्रोमीटरचा आकडा आला की इथेच लिहा, आणि रेसिपीत माल्टोडेक्स्ट्रिन होतं का तेही सांगा, बऱ्याच ग्लुटेन-फ्री किटमध्ये ते बॉडीसाठी असतं. अर्धा पौंड असेल तर ५ गॅलनमध्ये ४ पॉइंट त्याचेच, ते यीस्ट जवळजवळ खातच नाही, आणि मग १.०१६ हाच तुमचा शेवट असू शकतो.